ड्रिलच्या बॅटरीवर लॅपटॉप चालवायचा तर

२०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली, तेव्हा आमच्या समा भागात पाणी आणि अंधार दोन्ही एकदमच आले. घरात इन्व्हर्टर होता, पण जिन्याखाली. पाणी सगळ्यात आधी तिथेच पोचलं. मी वरच्या खोलीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेलो, एक भाषांतर अर्धवट, बॅटरी ११ टक्के. समोर कोपऱ्यात दादाची हत्यारांची पेटी. दादा मकरपुऱ्यात मॉड्युलर फर्निचरचं काम करतो. पाणी वाढतंय म्हटल्यावर त्याने आधी ती पेटी वर आणली, मग आईच्या लोणच्याच्या बरण्या. (आईने ही गोष्ट अजून सोडलेली नाही.) पेटीत कॉर्डलेस ड्रिलच्या चार बॅटऱ्या, चारही भरलेल्या. घरात वीज होती म्हणायची, फक्त तिने भोकंच पाडता येत होती.

त्या रात्री मी काहीही केलं नाही. दोन उघड्या वायरी खुपसून लॅपटॉप जाळायची हिंमत नव्हती आणि सामानही नव्हतं. पाणी ओसरल्यावर, चिखल काढून झाल्यावर, सवडीने बसून ही जोडणी केली. आता ती कपाटात तयार असते.

तयार मालाबद्दल आधीच सांगतो. काही कंपन्या स्वतःच्या बॅटरीवर बसणारा यूएसबी-सी अ‍ॅडॅप्टर विकतात. तुमच्या बॅटरीसाठी तसा मिळत असेल, तो ६० वॅट किंवा जास्त देत असेल आणि लॅपटॉप यूएसबी-सीवर चार्ज होत असेल, तर सरळ तो घ्या. मात्र नुसतं चौकोनी जुन्या यूएसबीचं भोक असेल तर त्याने मोबाइल चार्ज होईल, लॅपटॉप नाही.

बॅटरीच्या आत काय आहे

'१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' या दोन वेगळ्या बॅटऱ्या नाहीत. दोन्हींत लिथियमचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात. एका सेलचं सरासरी व्होल्टेज ३.६, म्हणून पाचांचे १८. पूर्ण भरल्यावर सेल ४.२ वर जातो, म्हणून पाचांचे २१. एक कंपनी सरासरी छापते, दुसरी भरल्यावरचा आकडा छापते. हल्ली बाजारात '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' असं छापलेल्या स्वस्त बॅटऱ्याही दिसतात. मल्टिमीटर लावून बघा, बहुतेक तिथेही तेच पाच सेल निघतात. छापायला पैसे पडत नाहीत.

जुन्या निकेल-कॅडमियमच्या ड्रिलच्या बॅटऱ्या कुणाकडे पडल्या असतील तर त्या या कामाला घेऊ नका. हा लेख फक्त लिथियमबद्दल आहे.

किती वीज साठली आहे हे व्होल्ट आणि अँपिअर-तास यांच्या गुणाकारातून कळतं. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तास म्हणजे ९० वॅट-तास. साध्या लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीत ४० ते ६० वॅट-तास असतात, म्हणजे दादाची एक बॅटरी माझ्या लॅपटॉपला दीडपट पुरून उरते. ४ अँपिअर-तासाची ७२ देते, २ ची ३६. ही शेवटची छोटी बॅटरी अडीअडचणीलाच. १२ व्होल्टच्या छोट्या ड्रिलची बॅटरी तर त्याहून लहान, तिच्या मागे लागू नका.

ताकदीची काळजी करू नका. लाकडात जाड स्क्रू घुसवताना ड्रिल क्षणभर २०-३० अँपिअर सहज ओढतं. लॅपटॉप ओढणार ४-५. सेलच्या दृष्टीने हा सकाळचा फेरफटका आहे.

काळजी वेगळ्याच गोष्टीची करायची. बॅटरी रिकामी होत आली की ड्रिल अचानक थांबतं, हे तुम्ही पाहिलं असेल. दादाला मी विचारलं, "हे थांबवतं कोण?" तो म्हणाला, "बॅटरी थांबते, आणखी कोण?" खरं म्हणजे पुष्कळ कंपन्यांच्या बाबतीत थांबणारं ड्रिल असतं. व्होल्टेज खाली गेलं की थांबायचं, हे ठरवणारं सर्किट हत्याराच्या मुठीत असतं. बॅटरीच्या डब्यात ते असेलच असं नाही. ड्रिल काढून त्या जागी लॅपटॉप लावला की ही राखण करणारा कुणीच उरत नाही. लॅपटॉप शेवटच्या थेंबापर्यंत ओढत राहतो. लिथियम सेल फार खाली, २ व्होल्टच्याही खाली नेला तर आतल्या पत्र्याचं तांबं विरघळायला लागतं, आणि पुढे चार्ज करताना त्याचे कण आतल्या आत शॉर्ट करू शकतात. सेल नुसता मेला तर पैशाचं नुकसान. आतून शॉर्ट झालेला सेल चार्जरवर पेट घेऊ शकतो.

म्हणून पुढची सगळी जोडणी म्हणजे ड्रिल गुपचूप करत होतं ती कामं आपण करणं, एवढंच आहे.

दुसरी अडचण: २१ ते १६

लॅपटॉपच्या अ‍ॅडॅप्टरवरचं बारीक अक्षर वाचा. गोल पिनेच्या लॅपटॉपला साधारण १९ किंवा १९.५ व्होल्ट लागतात, यूएसबी-सीवाल्याला बहुधा २०. ६५ वॅटचा अ‍ॅडॅप्टर १९.५ व्होल्टवर ३.३४ अँपिअर देतो. तुमचा आकडा कागदावर लिहून ठेवा. गेमिंगचा १८० वॅटचा लॅपटॉप असेल तर हा उद्योग इथेच थांबवा.

बॅटरी सुरुवातीला २१ व्होल्ट देते आणि शेवटी १६ वर येते (त्याच्या खाली आपण तिला जाऊ देणार नाही). हवे आहेत १९.५ किंवा २०, म्हणजे नेमका आकडा मध्येच. व्होल्टेज फक्त उतरवणारं मॉड्यूल (बाजारात त्याला 'बक' म्हणतात) अर्ध्या वाटेत हात टेकतं. फक्त चढवणारं ('बूस्ट') घेतलं तर भरलेल्या बॅटरीवर ते २१ पैकी जवळजवळ सगळे व्होल्ट जसेच्या तसे पुढे ढकलतं, आणि १९.५ च्या लॅपटॉपला ते नको असतात. दोन्ही करणारं, बक-बूस्ट, लागतं. "अरे, १८ आणि १९ मध्ये कितीसा फरक, डायरेक्ट लाव" असा सल्ला देणारे भेटतील. कधी कधी चालतंही. लॅपटॉप कुणाचा आहे ते आधी विचारा.

दुसरा सल्ला हमखास येतो: "गाडीचा छोटा इन्व्हर्टर लाव, २३० व्होल्ट घे आणि नेहमीचा अ‍ॅडॅप्टर वापर." गाडीचा इन्व्हर्टर १२ व्होल्टसाठी असतो आणि १५-१६ च्या वर व्होल्टेज दिसलं की तो स्वतःला बंद करतो. इथे तर आपण १६ च्या खाली जाणारच नाही.

सोपा मार्ग गाडीतच आहे, पण दुसरा. सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा यूएसबी-सी पीडी ('पॉवर डिलिव्हरी', म्हणजे उपकरण मागेल ते व्होल्टेज देणारा) कार चार्जर. कारमध्ये १२ आणि ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, म्हणून चांगल्या चार्जरवर 'इनपुट १२–२४ व्होल्ट' लिहिलेलं असतं. आपले १६ ते २१ त्याच्या बरोबर पोटात बसतात. १२ मधून २० काढायचे म्हणजे त्याला चढवणं येतंच, आणि ट्रकच्या २४ मधून २० काढायचे म्हणजे उतरवणंही.

घेताना दोन गोष्टी तपासा. 'आउटपुट २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. नुसतं खोक्यावर '६५ वॅट' पुरेसं नाही, कारण पुष्कळदा ती दोन-तीन भोकांची बेरीज असते आणि यूएसबी-सीच्या वाट्याला ३० वॅटच येतात. मी घेतलेला पहिला तसाच निघाला. दुसरी गोष्ट केबल. साधी यूएसबी-सी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे ६० वॅटपर्यंत. त्याच्या वर १०० वॅटची, आत चिप असलेली केबल लागते.

गोल पिनेच्या लॅपटॉपलाही हाच चार्जर चालतो. मध्ये 'पीडी ट्रिगर' केबल लावायची. तिचं एक टोक यूएसबी-सी, दुसरं तुमच्या लॅपटॉपची पिन. ती चार्जरकडे २० व्होल्ट मागते. १९.५ च्या लॅपटॉपला २० सहसा पचतात, १९ च्या लॅपटॉपला मी स्वतः लावणार नाही. त्याच्यासाठी १९ वर लावून ठेवता येईल असं बक-बूस्ट मॉड्यूल घ्या. डेलच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई असते. तिच्यातून लॅपटॉप अ‍ॅडॅप्टरची ओळख विचारतो. उत्तर मिळालं नाही तर लॅपटॉप चालतो, पण स्वतःची बॅटरी चार्ज करत नाही आणि मंदही होतो. बिघाड समजून घाबरू नका.

सामान

बॅटरीवर सरकवून बसवायची प्लास्टिकची बैठक, दोन वायरी बाहेर आलेली. ऑनलाइन 'बॅटरी अ‍ॅडॅप्टर' किंवा 'डॉक' नावाने मिळते, कंपनीनुसार खाचा वेगळ्या असतात. गाडीच्या सुरीसारख्या फ्यूजचं होल्डर आणि ७.५ अँपिअरचे दोन-तीन फ्यूज, रंगाने तपकिरी. लो व्होल्टेज कटऑफ बोर्ड, म्हणजे ठरवलेल्या व्होल्टेजला पुरवठा तोडणारी छोटी पट्टी. ती आकडा दाखवणारी आणि बटणांनी सेट होणारी घ्या. सिगारेट लायटरचं मादी सॉकेट. १.५ चौरस मिलिमीटरची लाल आणि काळी वायर, प्रत्येकी अर्धा मीटर. एक स्विच, स्लीव्ह (उघड्या जोडावर चढवायची इन्सुलेशनची नळी) आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर उसना आणा, पण त्याच्याशिवाय बसू नका.

७.५ अँपिअरच का? लॅपटॉपला ६५ वॅट द्यायचे तर चार्जरमधली गळती धरून बॅटरीतून ७४-७५ वॅट निघतात. १६ व्होल्टला भागलं की साडेचार-पावणेपाच अँपिअर. त्याच्या थोडा वर ७.५. "असू दे जरा मोठा" म्हणून २० चा फ्यूज टाकलात तर शॉर्टच्या वेळी फ्यूज शाबूत राहील आणि वायर लाल होईल. या बॅटऱ्या शॉर्टमध्ये फार मोठा प्रवाह सोडतात, टेबलावरची साधी चावीसुद्धा दोन पट्ट्यांवर पडली तर ठिणग्या उडतात.

जोडणी

आधी बॅटरी ओळखा. तोंडाशी तीन-चार किंवा जास्त धातूच्या पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन बहुधा धन आणि ऋण, शेजारी चिन्हंही कोरलेली असतात. मधल्या पट्ट्या तापमान मोजण्याच्या किंवा चार्जरशी बोलण्याच्या. त्यांना हात लावायचा नाही. मल्टिमीटर डीसीवर ठेवून धन-ऋण मोजा. भरलेल्या बॅटरीवर २० ते २१ दिसायला हवेत. १५ च्या खाली दिसले तर ती बॅटरी आधी तिच्या चार्जरवर लावा आणि नीट भरते का पाहा. मध्येच दिवा लुकलुकून चार्जर नकार देत असेल तर ती बाजूला काढा.

आता बैठकीच्या वायरी, आणि बॅटरी अजून लावायची नाही. क्रम असा: बैठकीची लाल वायर, तिच्यावर १०-१५ सेंटिमीटरच्या आतच फ्यूज, मग स्विच, मग कटऑफ बोर्डाचं इनपुट. काळी सरळ बोर्डाच्या इनपुटला. बोर्डाच्या आउटपुटमधून दोन वायरी सॉकेटला. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका चांगला, कारण त्याच्या अलीकडच्या वायरीला कुणाचं संरक्षण नसतं. प्रत्येक जोड सोल्डर करा किंवा घट्ट क्रिंप करा, वर स्लीव्ह चढवा. पिळून टेप गुंडाळलेला जोड पहिल्या दिवशी चालतो आणि दहाव्या दिवशी गरम होतो.

सॉकेटच्या तळाचा मधला ठिपका धन, कडेची भिंत ऋण. हे मी इतकं ठासून लिहितोय कारण माझं इथेच उलटं झालं. सॉकेटच्या दोन्ही वायरी काळ्याच होत्या, एकीवर फिकट पांढरी रेघ. रेघ म्हणजे ऋण असं मी धरून चाललो. चार्जरमधून बारीक 'टक्' झालं आणि करपट वास आला. लॅपटॉप तेव्हा जोडलेला नव्हता ही कृपा. दादा बाजूला बसून शेवउसळ खात होता. मान वर न करता म्हणाला, "मीटर कशाला आणलाय, पूजेला?"

तर मीटर लावा. बॅटरी बसवा, स्विच चालू करा, सॉकेटच्या मध्यात लाल प्रोब, कडेला काळी. आकडा २० च्या आसपास आणि त्याच्या आधी वजाचं चिन्ह नाही, असं दिसलं तरच पुढे.

कटऑफ लावणं

माझा बोर्ड १६ व्होल्टला तोडतो, म्हणजे प्रत्येक सेल ३.२ वर. १५ पर्यंत गेलं तरी बॅटरीला इजा नाही, पण शेवटच्या त्या व्होल्टमध्ये फारशी वीज उरलेलीही नसते. शिवाय बोर्ड पाचांची बेरीज पाहतो. जुन्या बॅटरीत एखादा सेल इतरांपेक्षा कच्चा असतो आणि बेरीज ठीक दिसताना तो एकटा खाली गेलेला असतो. म्हणून थोडी जागा सोडलेली बरी.

पुन्हा जोडण्याचा आकडा मात्र १८.५ किंवा त्याहून वर ठेवा. ओझं उतरलं की बॅटरीचं व्होल्टेज आपोआप थोडं वर येतं. तोडायचं १६ ला आणि जोडायचं १६.५ ला ठेवलं तर रिले (बोर्डावरचा आपोआप उघडझाप करणारा स्विच) टकटक करत बसेल आणि लॅपटॉप दर पाच सेकंदांनी चार्जिंगचा आवाज काढेल. मी तो अर्धा तास ऐकला आहे.

बोर्ड खरंच तोडतो का हे एकदा तपासा. बॅटरी संपायची वाट पाहू नका. भरलेल्या बॅटरीवर तोडायचा आकडा तात्पुरता २२ करा, जोडायचा त्याहून वर. ताबडतोब पुरवठा बंद झाला की काम करतोय. मग पुन्हा १६ आणि १८.५. तेही नक्की सेव्ह झालंय का, बॅटरी काढून घालून पाहा.

पहिला प्रयोग

पहिल्यांदा लॅपटॉप नको. एखादा जुना मोबाइल लावा, दहा मिनिटं चार्ज होऊ द्या. मग लॅपटॉप. पहिली पंधरा मिनिटं उठून जाऊ नका. फ्यूज होल्डर, स्विच, प्रत्येक जोड बोटाने चाचपा. कार चार्जर गरम होणारच, पण हात ठेवून राहता आलं पाहिजे. वायरीचा जोड गरम लागला तर तो जोड कच्चा आहे, पुन्हा करा. बॅटरी स्वतः कोमटही व्हायला नको.

किती वेळ चालेल याचा माझा ठोकताळा: लेबलावरचे वॅट-तास घ्या आणि पाऊण करा. पाव भाग कटऑफ आणि चार्जरची गळती खाते. ९० चे साधारण ६७ उरतात. लिखाण, ब्राउझर, पडद्याचा उजेड निम्मा, असा माझा लॅपटॉप १५ वॅटच्या आसपास घेतो, म्हणजे साडेचार तास. व्हिडिओ कॉलवर ३० वॅट गेले तर सव्वादोन. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी रिकामी असताना लावलं तर वीज आधी तिच्यात भरली जाते आणि तिथून पुन्हा बाहेर येते, म्हणजे गळती दोनदा. म्हणून लॅपटॉप भरलेला असतानाच ही बॅटरी लावा. ज्या लॅपटॉपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, तिथे ती चालू ठेवा.

इंटरनेटसाठी राउटरही याच सॉकेटवर चालवता येतो. त्याला १२ व्होल्ट लागतात, आणि १२ मागणारी ट्रिगर केबल मिळते. चार्जर १२ देतो का तेवढं त्याच्यावर वाचून घ्या. पुराच्या वेळी अर्थात राउटर चालून काही उपयोग नव्हता, पलीकडची केबलच पाण्यात होती.

वापरताना

परत चार्ज करताना बॅटरी बैठकीतून काढून तिच्या मूळ चार्जरवरच लावा. त्या दोन वायरींतून उलटी वीज भरायचा मोह होईल, पण मूळ चार्जर मधल्या पट्ट्यांतून तापमान वाचतो आणि तुमच्या वायरींना ते दिसत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत ४० च्या वर पारा असताना तर आधी बॅटरी सावलीत निवू द्या. उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नका, आणि चालू जोडणी बॅगेत कोंबू नका.

पुराचं पाणी लागलेली बॅटरी वापरायची नाही. वाळवली, पुसली, मीटरवर २० दाखवतेय, तरी नाही. आत शिरलेलं गढूळ पाणी पट्ट्या गंजवतं आणि सेलना आडवाटेने शॉर्ट करतं, कधी दोन दिवसांनी, कधी दोन आठवड्यांनी. शेजाऱ्यांकडे दोन भिजल्या होत्या. त्या घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवायला लावल्या आणि नंतर ई-कचरा घेणाऱ्याला दिल्या.

विमानाने जाणार असाल तर ९० वॅट-तासाची बॅटरी १०० च्या मर्यादेत बसते, पण हातातल्या सामानात, पट्ट्यांवर टेप लावून, बैठकीपासून सुटी. वायरींचा जुडगा सुरक्षा तपासणीत समजावत बसण्यापेक्षा मी तो घरीच ठेवतो.

काम झालं की बॅटरी काढून ठेवा. कटऑफने पुरवठा तोडला तरी बोर्ड स्वतःचा आकडा दाखवायला थोडी वीज पीतच राहतो, आणि विसरलेली बॅटरी महिन्याभरात तळाला जाते. माझा स्विच बोर्डाच्या आधी आहे तो याचसाठी. दादाने तरी बैठकीवर पांढऱ्या मार्करने लिहिलंय: 'काढ. माझी आहे.'